इटालियन वैद्यकीय शब्द: तोड कुठे, आघात कुठे?

प्रश्न
‘आनेमीआ’ (रक्तक्षय) आणि ‘एमिक्रान्या’ (अर्धशिशी) या दोन्हींच्या शेवटी लिहायला आय-ए हीच रोमन मुळाक्षरं आहेत. मग एकात ‘मी-आ’ आणि दुसऱ्यात ‘न्या’ कसं? शिवाय ओळीच्या टोकाला ‘गास्त्रीते’ (जठरदाह) तोडायचा झाला तर ‘गास-त्रीते’ की ‘गा-स्त्रीते’?

उत्तर १
गा-स्त्री-ते. एसनंतर व्यंजन आलं की सगळा जोड पुढच्या अक्षरात (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात) जातो: मु-स्को-लो (स्नायू), ओ-स्ते-ओ-पो-रो-सी (हाडांचा ठिसूळपणा). इंग्रजीच्या सवयीने नेमकं इथेच चुकतं. द्वित्त (एकच व्यंजन दोनदा) मात्र मधोमध फुटतं, तोस-से (खोकला). एल, एम, एन, आर पुढच्या व्यंजनाआधी आले तर मागे राहतात, पोल-मो-ने (फुप्फुस). पण फी-ब्रा (तंतू) मधला ‘ब्र’ फोडायचा नाही.

उत्तर २
आघात (उच्चारातला जोर) आयवर असला की ‘ई’ आणि ‘आ’ दोन स्वतंत्र अक्षरं होतात: आ-ने-मी-आ, इ-स्के-मी-आ (रक्तपुरवठा कमी पडणं). आघात आधीच्या अक्षरावर असला की आयचा ‘य’ होतो: ए-मि-क्रा-न्या, एर-न्या (अंतर्गळ), इन-सोन-न्या (निद्रानाश). अडचण अशी की आघातचिन्ह फक्त अंत्य स्वरावर लिहायची सक्ती आहे, त्यामुळे छापील शब्दावरून हे कळत नाही. -एमीआ, -आल्जीआ, -पातीआ, -ग्राफीआ, -स्कोपीआ हे शेवट आयवर आघात घेतात, एवढं पाठ करा. बाकीच्यांसाठी शब्दकोश उघडा, तिथे शीर्षशब्दावर आघात दाखवलेला असतो. आणि मी-आ ही दोन अक्षरं असली, तरी ओळीच्या टोकाला दोन स्वरांमध्ये तोड टाळतात.

उत्तर ३
पहिल्या उत्तरातली तोड कागदावरची आहे, तोंडातली वेगळी, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. आघाताचं अक्षर स्वरान्त असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल, तर त्यातला स्वर लांबतो: फेऽ-गा-तो (यकृत). या नियमाने ‘मु-स्को-लो’ वाचलंत तर ‘मूऽस्कोलो’ म्हणाल, आणि ते चूक. बोलताना एस मागच्या अक्षराला चिकटतो, ‘मुस्-को-लो’, म्हणून उ ऱ्हस्वच. ‘इन्फेत्स्योने’ (संसर्ग) मध्येही तसंच: झेड एकदाच लिहितात, म्हणून लेखनात तोड त्याच्या आधी, पण कानाला ते द्वित्तच.

झेडसाठी मराठी कामी येते. ‘मिल्चा’ (प्लीहा) यातला च चमच्यातला, पण सीने लिहिलेल्या ‘चेल्लुला’ (पेशी) यातला चार मधला. ‘एन्जीमा’ (विकर) यातला ज जहाजातला. हे दोन च एक केले की शब्द ओळखूच येत नाही.

जी-एल-आय या जोडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ‘काविल्या’ (घोटा) मध्ये ग ऐकूच येत नाही, जिभेचा मध्य टाळूला लावून ‘ल्य’ येतो. ‘ग्लिचेमीआ’ (रक्तशर्करा) आणि ‘गांग्ल्यो’ (गंडिका) यांत मात्र ग स्पष्ट म्हणायचा. जी-एन म्हणजे ‘ञ’: दिआञ्ञोसी (निदान), आघात ‘आ’वर, ‘दिआग्नोसी’ कधीच नाही.