१०५० टीआय गेलं. जादा पॉवर केबल नसलेल्या एसएमपीएसवर आता कोणतं कार्ड?

शाईपेन :
नमस्कार. माझं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड (४ जीबी) २०१७ पासून बिनतक्रार चालू होतं. गेल्या आठवड्यात त्याने मान टाकली. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी मी शरीररचनेचे छोटे व्हिडिओ करते. मॉडेल ब्लेंडरमध्ये, काटछाट दाविंची रिझॉल्व्हमध्ये. हृदयाची झडप फिरवून बघत होते आणि पडद्यावर हिरवे चौकोन उमटले, मग स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं तर चित्र येतं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि कोड ४३, म्हणजे बिघाड दिसला म्हणून विंडोजने कार्ड थांबवलंय.

मशीन असं आहे : आय५-८४००, १६ जीबी रॅम, ४०० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). त्याला कार्डाला लावायची सहा किंवा आठ पिनची केबलच नाही. कॅबिनेटही आखूड आहे, पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जेमतेम वीतभर जागा. हात आखडता आहे, त्यामुळे एसएमपीएस बदलायला लागू नये असं वाटतं. ओळखीतल्या एकांकडे जुनं १०५० टीआयच स्वस्तात मिळतंय. घेऊ का? सत्राचे सहा व्हिडिओ अडकलेत, म्हणून जरा घाई आहे.

सोल्डरगन :
ताई, घाई असली तरी आधी अर्धा तास तपासणीला द्या. दुरुस्तीच्या टेबलावर मी कितीतरी चांगली कार्डं ‘गेली’ म्हणून आलेली पाहिलीत.

तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे (यूएचडी ६३०). कार्ड काढा, मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावा आणि दिवसभर तसंच काम करा. चौकोन दिसले नाहीत तर मॉनिटर, केबल आणि रॅमवरचा संशय बराच कमी होतो. मग कार्ड परत बसवून बायोसच्या पडद्यात (मशीन चालू होताना, विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरा. तिथेही रेघा किंवा ठिपके दिसले तर ड्रायव्हरचा प्रश्नच मिटला, कारण त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो. बायोस स्वच्छ दिसला, तर सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि नवा टाका. कार्डाचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसा, रबराचा भुसा झटकून स्लॉटमध्ये ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवा. हे सगळं करून कळवा.

आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. चिपखालचा सांधा चार दिवस धरतो आणि परत सुटतो. वर घरात नको तो धूर.

शाईपेन :
सगळं केलं दादा. मदरबोर्डवर दोन दिवस एकही चौकोन नाही. कार्ड लावलं की बायोसमध्येच उभ्या रेघा. मैत्रिणीच्या मशीनमध्ये लावून पाहिलं, तिथेही त्याच.

सोल्डरगन :
मग कार्डच गेलं. बहुतेक मेमरीची चिप. ती बदलता येते, पण आठ वर्षांच्या कार्डावर तेवढी मजुरी घालायला मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही.

आता जुन्या १०५० टीआयबद्दल. घेऊ नका. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं, तिच्यासाठी एनव्हिडियाने नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. शिवाय या नावाने बनावट कार्डं खूप फिरतात. त्याहून कितीतरी जुन्या चिपवर कार्डाचा स्वतःचा बायोस बदलून टाकलेला असतो आणि विंडोज त्याला बिनदिक्कत १०५० टीआय म्हणतं. जुनं कार्ड घ्यायचंच झालं तर आधी जीपीयू-झी (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघावं, चिप खोटी असेल तर ते बहुतेक वेळा तसं स्पष्ट लिहितं.

तुमची खरी अडचण वॉटची. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. सहा पिनची केबल आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, म्हणजे स्लॉटवर भागणारंच कार्ड हवं.

पाणकावळा :
इंटेलचं आर्क ए३८० बघा की. ६ जीबी मेमरी, ७५ वॉटमध्ये बसणारी मॉडेलं मिळतात आणि एव्ही१ (व्हिडिओ कमी जागेत बसवायची नवी पद्धत) एन्कोडिंगसुद्धा आहे. व्हिडिओवाल्यांसाठी या पातळीवर दुसरं काही नाही.

सोल्डरगन :
कार्ड चांगलं आहे, या मशीनसाठी नाही. आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो नसला तर वेग फार पडतो. इंटेल स्वतः त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते. ताईंचा आठव्या पिढीतला आहे.

याच चुकीचा दुसरा नमुना म्हणजे एएमडीचं आरएक्स ६४००. फक्त ५३ वॉट, म्हणून लोक डोळे झाकून घेतात. पण त्याला स्लॉटशी बोलायला चारच लेन (वाटा) आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० स्लॉटमध्ये चालून जातं, ताईंच्या ३.० स्लॉटमध्ये त्या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ४ जीबी जातात. ४ जीबीची मेमरी भरली की सगळा भार त्याच अरुंद वाटेवर येतो. आणि व्हिडिओ एन्कोडर (तयार व्हिडिओची फाइल झटपट बनवणारा भाग) त्यात मुळातच नाही. व्हिडिओ करणाऱ्या माणसाला हे कार्ड दिलं तर ते मला फसवणुकीसारखं वाटेल. ६५०० एक्सटीची गोष्टही तीच, वर त्याला केबल लागते.

मी आरटीएक्स ३०५० घेईन, पण ६ जीबीचं. हे नीट वाचा, कारण एकाच नावाने दोन वेगळी कार्डं विकतात. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर, १३० वॉट, केबल लागते. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर, ७० वॉट, आणि बहुतेक मॉडेलना केबल नाही. खोक्यावर ‘६ जीबी’ वाचा आणि फोटोत कार्डाच्या वरच्या कडेला पिनची जागा नाही ना, तेही बघा. तुमच्या कॅबिनेटसाठी एका पंख्याचं आखूड मॉडेल घ्या. मिलिमीटरमधली लांबी कंपनीच्या पानावर असते. वितीने मोजू नका, फूटपट्टी लावा.

पाणकावळा :
आर्कची ती अट माझ्या लक्षात नव्हती, बरं झालं सांगितलंत. तरी एक विचारतो. एसएमपीएसही बदलला तर आरएक्स ६६०० जास्त शहाणपणाचं नाही का? ८ जीबी, १३२ वॉट, आणि खेळांमध्ये ३०५०ला सहज मागे टाकतं.

सोल्डरगन :
खेळांसाठी विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो, वाद नाही. पण सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात, ऑप्टिक्स ही वेगवान पद्धत चालते ती एनव्हिडियावर, आणि आरटी कोअरचा (प्रकाशकिरणांचा हिशोब करणाऱ्या भागांचा) फायदा रेंडरला थेट मिळतो. एएमडी त्यांच्या हिप या पद्धतीने चालतं, चांगलं चालतं, पण ताईंच्या कामात खर्च वाढवून मिळणारा फायदा थोडाच.

एसएमपीएस न बदलता साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) केबलवरून आठ पिन काढून देणारी जोडणी मात्र कुणीही वापरू नये. साटाचा प्लग १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतच पेलतो. वितळलेले प्लग माझ्या खणात जपून ठेवलेत, विचारणाऱ्याला दाखवायला.

शाईपेन :
मोजलं. १९० मिलिमीटर जागा आहे. ६ जीबीचं ३०५०, एक पंखा, १७० मिलिमीटर, असं घेतलं. केबलची गरज नाही, ४०० वॉटचा एसएमपीएस तसाच आहे.

एका गोष्टीवर अडले होते. माझा मॉनिटर डीव्हीआयचा, आणि नव्या कार्डाला डीव्हीआय नाही, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे. रात्री अकरा वाजता हे लक्षात आलं तेव्हा रडू यायचं बाकी होतं. शेवटी मैत्रिणीकडून एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल आणली आणि चित्र लगेच आलं. घेण्याआधी मागची तोंडं बघून घ्या, हे मी इथे इतरांसाठी लिहून ठेवते.

झडपेचा जो तुकडा जुन्या कार्डावर ४१ मिनिटं घ्यायचा, तो ऑप्टिक्सवर ९ मिनिटांत झाला. रिझॉल्व्हमध्ये ‘जीपीयू मेमरी भरली’ हा इशाराही अजून आलेला नाही. सोल्डरगन दादा, तुम्ही आधी तपासायला लावलंत त्याबद्दल मनापासून आभार, नाहीतर मी ते जुनं कार्ड घेऊन बसले असते. पहिले दोन व्हिडिओ आज सकाळी मुलींना पाठवले. उरलेले चार रविवारपर्यंत होतील.