'विट', 'वॉट', 'विस्ट' : एक जुने इंग्रजी क्रियापद

प्रश्न : किंग जेम्स बायबलमध्ये (१६११) लूक २:४९ ला बारा वर्षांचा येशू आईवडिलांना विचारतो, 'विस्ट यी नॉट…?' हे 'विस्ट' म्हणजे 'विश'चा जुना भूतकाळ का? उत्पत्ति २१:२६ मधले 'आय वॉट नॉट' याच कुळातले का?

उत्तर : 'विश'शी संबंध नाही, पण ही दोन्ही रूपे एकाच कुळातली. क्रियापद 'विट', म्हणजे जाणणे. वर्तमानकाळ 'वॉट' (डब्ल्यू-ओ-टी), भूतकाळ 'विस्ट'. म्हणून लूकमध्ये 'तुम्हांला ठाऊक नव्हते का?' आणि उत्पत्तीत 'मला ठाऊक नाही'. प्रश्नार्थक 'व्हॉट' थट्टेने असाच लिहितात, तेव्हा जुन्या मजकुरात गफलत नको.

आपल्याला गंमत वाटावी ती याच्या रूपांची. प्राचीन इंग्रजीत 'मी जाणतो' हे 'इच् वाट', 'तो जाणतो' हे 'हे वाट', पण 'आम्ही जाणतो' हे 'वे विटोन'. एकवचनात एक स्वर, अनेकवचनात दुसरा. आता संस्कृत पाहा : अहं वेद, स वेद, वयं विद्म. इथेही एकवचनात गुण (म्हणजे 'इ'चा 'ए'), अनेकवचनात मूळ 'वि'. ही उसनवारी नव्हे, दोन्ही भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून आलेला वारसा आहे. 'द'चा 'ट' होणे हा जर्मानिक शाखेचा (इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या कुळाचा) नियमच : दश–टेन, द्वि–टू, तसे विद्–विट.

पुरवणी : हे संस्कृत 'वेद' परोक्ष भूतकाळाचे (स्वतः न पाहिलेल्या घटनेच्या भूतकाळाचे) रूप आहे, तेही द्वित्वाशिवाय, म्हणजे धातूचे आद्याक्षर दोनदा न येता, आणि अर्थ मात्र वर्तमानाचा. पाणिनीने याला स्वतंत्र सूत्र दिले आहे, 'विदो लटो वा' (३.४.८३). मूळ धातूचा अर्थ 'पाहणे' (लॅटिन 'विदेरे' तोच), म्हणजे पाहून झाले आहे, म्हणून ठाऊक आहे. मराठीत 'कळलं!' म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचे, पण सांगायचे असते आत्ता कळलेले आहे हे. इंग्रजीत या जातीची क्रियापदे अजून जिवंत आहेत : कॅन, मे, शॅल. मूळची भूतकाळी असल्याने त्यांना तृतीयपुरुषी 'एस' लागत नाही. 'ही कॅन्स' का होत नाही, याचे खरे उत्तर हे. जर्मनमधले 'एर वाइस' (तो जाणतो) हेही तसेच, शेवटी तृतीयपुरुषाचा नेहमीचा 'टी' नाही.

प्रश्न : मग उत्पत्ति ३९:८ मध्ये 'एस'चे जुने रूप 'एथ' लागून 'वॉटेथ' कसे?

उत्तर : नियमाने तिथे 'वॉट'च हवे. क्रियापद बोलण्यातून जाऊ लागले की लोक त्याला इतर क्रियापदांच्या साच्यात बसवतात. 'वॉटेथ' हा त्याचा पुरावा. त्याहून मोठा घोळ 'इविस'चा. याचा अर्थ 'खचित' (जर्मन 'गेविस'). हस्तलिखितांत सुरुवातीचा 'इ' सुटा लिहिला गेला, पुढच्यांनी तो 'आय' म्हणजे 'मी' असा वाचला, आणि 'विस' नावाचे कधीच नसलेले क्रियापद जन्माला आले. जुन्या धाटणीच्या कवितेत 'आय विस' दिसले तर दोन्ही शक्यता तपासाव्यात : मध्ययुगीन मजकुरात बहुधा 'खचित', नंतरच्या कवींत 'मी जाणतो'.

प्रश्न : कायद्याच्या मसुद्यातले 'टु विट' मराठीत कसे न्यावे?

उत्तर : तो कायदेकानूंच्या फ्रेंचमधल्या 'जाणावे ते हे' अशा अर्थाच्या ठरावीक शब्दांचा इंग्रजी अनुवाद आहे. यानंतर नेमका तपशील येतो, म्हणून 'म्हणजेच' किंवा 'तो असा की' पुरे. 'उदाहरणार्थ' चूक ठरेल, कारण उदाहरणांची यादी अपुरी असू शकते, 'टु विट'नंतरची पूर्ण असते. मालमत्तेच्या वर्णनात हा फरक महागात पडतो. 'अनविटिंगली'ला 'नकळत' चपखल. 'विटनेस'ही याच घरातला : आधी अर्थ 'जाणणे', मग 'साक्ष', मग 'साक्षीदार'.