हॉस्पिटलं वाढली, मग बिल का उतरत नाही?

देवगडकर
आमच्याकडे खासगी हॉस्पिटलं, स्कॅन सेंटरं भराभर वाढली. वाटलं होतं, आंब्याची आवक वाढली की पेटीचा भाव पडतो तसे दर पडतील. कसले पडतात! आईचा गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी एमआरआय लिहिला, वर ‘त्याच सेंटरला जा’ असं बजावलं. आतलं कुणी सांगेल का, असं का होतं?

निवृत्त सिस्टर, कणकवली
सरकारी, खासगी दोन्हीकडे नोकरी झाली माझी, म्हणून लिहिते. भाऊ, आंबा गिऱ्हाईक हुंगून घेतं. एमआरआय हवा की नको हे आईंना कसं कळणार? ते चिठ्ठी लिहिणारा ठरवतो. म्हणून सेंटरांची चढाओढ पेशंटसाठी नसते, त्या चिठ्ठीसाठी असते. नवीन सेंटर आलं की डॉक्टरचा कट, म्हणजे कमिशन, वाढतो आणि तो तुमच्याच बिलातून निघतो. मी होते तिथलं सेंटर गावोगावच्या डॉक्टरांना छापील पॅड पुरवायचं. वर सेंटरचं नाव, खाली तपासण्या, फक्त टिक करायची. महिनाअखेरीस अकाउंटवाला एकेका डॉक्टरच्या चिठ्ठ्या वेगळ्या लावून हिशोब करायचा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत कमिशनला सरळ बंदी आहे. तरी हे चालायचं, याची मला फार चीड येते.

सिझरचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने, सरकारीत १४. अडलेल्या बायका सरकारीतही येतात हो. पण नॉर्मलसाठी रात्रभर बसायचं आणि पैसे कमी मिळायचे, मग सुरी लवकर हातात येते.

डॉक्टर, चिपळूण
सगळेच कट घेत नाहीत, मी घेत नाही. पण सिस्टरांचं खरं आहे. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उलटा प्रकार. एका आजाराला ठरलेलं पॅकेज, जादा तपासणी हॉस्पिटलच्या खिशातून. त्यामुळे फालतू तपासण्या थांबतात, पण पेशंटला लवकर घरी धाडायची घाई होते. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, १९८३ मध्ये असेच ठरीव दर आणले, तिथेही हॉस्पिटलातला मुक्काम आखडला. जिथे पैसे सुटतात तिकडे हात वळतो, म्हणून नुसती हॉस्पिटलं वाढून भागत नाही.

देवगडकर
मग आईचं काय करू?

निवृत्त सिस्टर, कणकवली
वय झालेल्या गुडघ्याला आधी उभं राहून काढलेला साधा एक्स-रे बहुधा पुरतो. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘एमआरआयमध्ये काही निघालं तर औषध बदलणार का?’ काय म्हणतात ते इथे कळवा.