मानसशास्त्रात बीए झालं, आता एमए की सरळ एचआर?

शेवंती: भाची टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. एमए करून समुपदेशन करणार म्हणते. माझ्या मते एमएवरच थांबायचं असेल तर आत्ताच एचआरकडे वळलेलं बरं. क्लिनिकलसाठी, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करायचे तर, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. त्याचा रूढ मार्ग म्हणजे एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल. बारावीनंतर सात वर्षं झाली, तीही प्रवेश मिळाला तर! त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एमफिलच मोडीत काढलं. क्लिनिकलच्या एमफिलला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मुदतवाढ दिली, ती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत. एवढ्या अनिश्चिततेत मुलीला ढकलायचं?

गावठी_फ्रॉइड: क्लिनिकल सोडून बाकी काही नाहीच का? जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं सांगितलं. त्यात कोचिंग क्लासही आले. लातूरपासून कोटापर्यंत किती जागा निघतील बघा. शिवाय कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत.

तासिकाबाई: मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणजे कागदावर. कुणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तास माझ्याकडे, परीक्षेत सुपरव्हिजनही माझ्याकडे. मूल रडत दाराशी आलं तरी मी दुसऱ्याच वर्गावर असते. आणि करार अकरा महिन्यांचा.

गावठी_फ्रॉइड: हा दोष शाळेचा, विषयाचा नव्हे.

तासिकाबाई: दोष कुणाचाही असो, पगार माझाच कमी येतो.

उलटतपासणी: शेवंतीताई, एचआरमध्ये मन वाचायला मिळतं हा गैरसमज आहे. सुरुवातीला हजेरी, पीएफ आणि जॉइनिंगची कागदपत्रं. तिथे एमबीएवाल्यांशी स्पर्धा, ती वेगळीच. नोकरी धरून घरबसल्या एमए करायचा विचार असेल तर तोही सोडा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. मला तरी ते पटलं. समोर माणूस न बसवता समुपदेशन कसं शिकणार?

गावठी_फ्रॉइड: पटायला काय जातं! गडचिरोलीच्या मुलीने मग खोली घेऊन नागपुरात राहायचं?

तासिकाबाई: भाचीने एमएचं कॉलेज नावावर निवडू नये. प्रॅक्टिकलला कुठल्या दवाखान्यात किंवा संस्थेत पाठवता, केस हाताळताना देखरेख कोण करतं, हे आधी विचारावं. आमच्या वेळी केस स्टडी चक्क मागच्या बॅचच्या फायलींतून उतरवून काढायचे.

शेवंती: विचारायला लावते. नीट उत्तर मिळालं नाही तर एचआरच. हजेरी तर हजेरी, महिन्याच्या महिन्याला पगार तरी होतो.