घरात एकच गाडी ठेवायची असेल तर वेगवान वॅगन घ्यावी की हॉट हॅच?

चौथा गिअर

घरात एकच गाडी ठेवायची आणि ती चालवताना आनंद मिळाला पाहिजे, अशा दोन अटी मी स्वतःला घातल्या आहेत. बरीच शोधाशोध केल्यावर दोन गाड्या उरल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच सांगाड्यावर बांधलेल्या, इंजिन तेच आणि गिअरबॉक्सही तोच. ताकद 300 अश्वशक्तीच्या थोडी वर आणि ती चारही चाकांना जाते. फरक इतकाच की एक हॉट हॅच, म्हणजे आखूड शेपटीची ताकदवान हॅचबॅक आहे, आणि दुसरी वॅगन, म्हणजे छत पार मागेपर्यंत नेलेली, मोठ्या डिकीची गाडी.

आठवड्यातून एखाद्या पहाटे मी एकटाच घाटरस्त्यावर जातो. बाकीच्या दिवसांत दोन मुले, त्यांच्या सायकली आणि महिन्यातून दोन-तीन वेळा आई व तिची घडीची व्हीलचेअर अशी ने-आण असते. एसयूव्हीचा विचार केलेला नाही, कारण उंच गाडी वळणावर कलते ते मला सोसत नाही. आपण काय निवडाल, आणि का, हे कारणांसह सांगावे.

वळणवेडा

मी निःसंकोचपणे हॅच म्हणेन, आणि त्यामागे केवळ भावना नाही. आपण पाहत आहात त्या वर्गातल्या दोन गाड्यांची लांबी तपासून पाहा. आठव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ हॅचबॅक साधारण 4.28 मीटर लांब आहे, तर तिचीच वॅगन 4.63 मीटर. या पस्तीस सेंटिमीटरांपैकी पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरांनी वाढते. उरलेली सगळी लांबी मागच्या चाकांच्या मागे लोंबते. तिथे जास्तीचा पत्रा, जास्तीची काच आणि मोठा दरवाजा येतो. गाडी वळताना आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, आणि त्या फिरण्याला होणारा वजनाचा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तेच वीस किलो मधल्या सीटखाली असते तर कळलेही नसते, पण अगदी शेपटीला असले की स्टिअरिंग फिरवणे आणि गाडीचे तोंड वळणे यांच्यामध्ये एक क्षण येऊन बसतो. एकामागून एक उलटसुलट वळणे आली की तो क्षण दर वेळी जाणवतो.

हॉट हॅचची सगळी परंपरा हलकेपणावर उभी आहे. 1976 साली विक्रीला आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयचे इंजिन 1.6 लिटरचे आणि ताकद 110 अश्वशक्ती होती. आजच्या हिशेबाने हे आकडे किरकोळ वाटतील, पण त्या गाडीचे वजन 800 किलोंच्या आसपास होते. 1984 साली आलेल्या प्यूजो 205 जीटीआयची कीर्तीही तिच्या चपळ शेपटीमुळेच झाली. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जाते, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि गाडी मागून फिरू लागते. बेसावध माणसाला ती खड्ड्यात घालू शकत असे, हे खरे. पण ज्याला ती समजली त्याला उजव्या पायानेही वळण घेता येत असे. हा संवाद लांब शेपटीच्या गाडीत मिळत नाही.

लांब पल्ला

वळणवेडा यांनी सांगितलेले भौतिकशास्त्र बरोबर आहे, मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष फार मोठा आहे. एकाच सांगाड्यावरच्या हॅच आणि वॅगनमध्ये वजनाचा फरक सहसा 50 ते 100 किलोंचा असतो, म्हणजे शेजारच्या सीटवर एक धडधाकट माणूस बसवण्याइतका. स्पेनच्या सेआत कंपनीने आपली लिऑन कुप्रा हॅच 2014 साली जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब जुन्या ट्रॅकवर 7 मिनिटे 58 सेकंदांत फिरवली. पुढच्या वर्षी त्याच गाडीची वॅगन तिथेच नेली, तेव्हाही वेळ 7 मिनिटे 58 सेकंदच आली. सत्तरपेक्षा जास्त वळणांच्या रस्त्यावर शेपटीची किंमत सेकंदाच्या अंशाएवढीही दिसत नसेल, तर पहाटेच्या घाटात ती किती दिसणार?

वॅगनलाही परंपरा आहे. 1994 साली आलेली ऑडी आरएस 2 पोर्शेच्या मदतीने तयार झाली होती. तिचे 2.2 लिटरचे पाच सिलिंडरांचे टर्बो इंजिन 315 अश्वशक्ती देत असे, ब्रेक पोर्शेचे होते, आणि ती फक्त वॅगन म्हणूनच विकली गेली. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत आपल्या 850 या मॉडेलची वॅगन उतरवली. बीएमडब्ल्यूने 2022 साली एम 3 ची वॅगन बाजारात आणली तेव्हा तिच्यात एम 3 सेडानचेच 510 अश्वशक्तीचे इंजिन दिले. मिरवण्यासाठी या गाड्या बनवल्या गेल्या असे मला वाटत नाही. कुटुंब असलेल्या माणसालाही गाडी चालवायला आवडू शकते, हे कोणीतरी गांभीर्याने घेतले, म्हणून त्या झाल्या.

वळणवेडा

व्होल्वोचे उदाहरण आपण अर्धेच दिले आहे. 1995 साली त्या स्पर्धेत हवेचा दाब वाढवणारे पंख लावण्याची मुभा मिळाली, वॅगनच्या लांब छतामुळे त्यांचा फायदा घेता येईना, आणि संघ लगेच सेडानकडे वळला. ट्रॅकवरच्या वेळेबद्दलही माझा आक्षेप आहे. असे विक्रम खास पकडीचे टायर घालून, निष्णात चालकाच्या हाती आणि रिकाम्या रस्त्यावर होतात. घड्याळात जे दिसत नाही ते हाताला कळते. एक गाडी आपोआप वळते आणि दुसरीला वळवावे लागते, तरी दोघी एकाच वेळेत पोहोचू शकतात. मी आनंदाविषयी बोलत होतो, वेळेविषयी नाही.

मोजपट्टी

मी सात वर्षे हॉट हॅच चालवली आहे, आणि तेवढ्याच काळात वडिलांची व्हीलचेअर तिच्या डिकीत घातली आणि काढली आहे. त्यामुळे डिकी किती लिटरांची या आकड्यांऐवजी मला जे हाताने समजले ते लिहिते.

नेहमीच्या घडीच्या व्हीलचेअरची मागची चाके 24 इंची, म्हणजे सुमारे 61 सेंटिमीटर व्यासाची असतात आणि घडी केल्यावर तिची जाडी तीसेक सेंटिमीटर भरते. ती हॅचच्या डिकीत मावते. मावत नाही असे म्हणणे चूक ठरेल. पण पाय ठेवायच्या पट्ट्या काढाव्या लागतात, खुर्ची तिरकी करून आत सरकवावी लागते, आणि एकदा ती आत गेली की डिकी संपली. औषधांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि मुलांची दप्तरे मग माणसांच्या पायांशी येतात. दुसरी गोष्ट उंबरठ्याची. हॅचमध्ये बंपरची कडा बऱ्याचदा उंच असते आणि तिच्यापलीकडे डिकीचा तळ खोल जातो, त्यामुळे पंधरा-सतरा किलोंची खुर्ची आधी उचलावी आणि मग वाकून खाली सोडावी लागते. वॅगनमध्ये कडा आणि तळ बहुधा एका पातळीत असतात, म्हणून खुर्चीचे एक चाक टेकवून ती आत ढकलता येते. माझ्या पाठीने हा फरक सात वर्षांत शेकडो वेळा मोजला आहे.

धागाकर्त्यांना एकच सुचवेन की कोणतीही गाडी पाहायला जाताना आईची खुर्ची बरोबर न्यावी. आणि आईंनाही न्यावे, कारण रुंद, बुटक्या टायरांवरचा आवाज आणि धक्के मागच्या सीटवर जास्त पोहोचतात. वॅगनमध्ये तर डिकीची पोकळी ढोलासारखी घुमते. हे दोन्ही गाड्यांच्या बाजूने आणि विरोधात मोजायला हवे.

लांब पल्ला

मोजपट्टी यांच्या लिहिण्यात माझा खरा मुद्दा आला आहे. आपण सगळे रिकाम्या गाडीची तुलना करत आहोत. चार माणसे आणि सामान भरलेली हॅच घाटात नेली की मागची बाजू खचते, स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंग बोथट वाटू लागते. जो चपळपणा वळणवेडा यांना प्रिय आहे, तो अशा दिवशी तिच्यातही नसतो. वॅगनचे मागचे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर बहुतेक वेळा भार गृहीत धरूनच निवडलेले असतात. रिकामी असताना त्यामुळे ती किंचित उसळते, पण भरलेली असताना तिचा तोल टिकून राहतो.

मात्र वॅगन घेणाऱ्यांची एक चूक मला नेहमी दिसते. जागा दीडपट झाली म्हणजे वजन वाहण्याची क्षमताही दीडपट झाली, असे ते समजतात. एकाच सांगाड्यावरच्या दोन गाड्यांची मान्य भारक्षमता अनेकदा जवळपास सारखीच असते, कारण धुरा, ब्रेक आणि टायर तेच असतात. हा आकडा गाडीच्या कागदपत्रांत किंवा दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर मिळतो, आणि तो न पाहता डिकी छतापर्यंत भरणे धोक्याचे आहे. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांत किती हवा ठेवायची, हेही तिथेच किंवा इंधनाच्या झाकणाआड लिहिलेले असते. सीटच्या पाठीपेक्षा उंच सामान असेल तर मधली जाळी लावलीच पाहिजे. जोरात ब्रेक लागला की सुटी व्हीलचेअर गाडीच्याच वेगाने पुढे येते.

चौथा गिअर

सर्वांचे मनापासून आभार. मोजपट्टी यांचा सल्ला मी अक्षरशः पाळला. आई, दोन्ही मुले, व्हीलचेअर आणि एक सायकल घेऊन गेलो आणि दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर आधी एकट्याने, मग भरून चालवल्या.

एकट्याने चालवताना हॅच खरोखर सरस आहे. पहिल्याच उलटसुलट वळणांत वळणवेडा यांचा तो क्षण मला सापडला. वॅगनमध्ये तो आहे, आणि एकदा कळल्यावर दर वळणाला कळत राहतो. भरल्यावर मात्र पारडे इतके फिरले की मला आश्चर्य वाटले. हॅचमध्ये सायकलीसाठी मागच्या सीटचा एक भाग पाडावा लागला, धाकट्याला बसायला जागा उरली नाही, आणि रस्त्यावरच्या लहान लहान उंचवट्यांवर मागून थडथड ऐकू येऊ लागली. आईने प्रत्येक धक्क्याला दाराचे हँडल धरले. वॅगनमध्ये तिने ते एकदाही धरले नाही.

मी वॅगन घेत आहे. पहाटेच्या फेरीत थोडे कमी मिळेल, हे ठाऊक असूनही घेत आहे.

वळणवेडा

आपला निर्णय मला पटला नाही, पण तो चालवून पाहून घेतलेला आहे, म्हणून त्याचा आदर करतो. आयुष्यातल्या ज्या फेऱ्या आठवणीत राहतात त्या एकट्याच्याच असतात, असे माझ्यापुरते तरी खरे आहे.

एक विनंती आहे. गाडी घेताना फार मोठी चाके निवडू नका. 19 इंचांऐवजी 18 इंचांची घेतलीत तर चाके सहसा हलकी असतात आणि टायरची भिंत थोडी उंच राहते, त्यामुळे आईंना धक्के कमी बसतील. चाकांचे वजन स्प्रिंगच्या खालचे असते. ते कमी झाले की खडबडीत वळणात टायर रस्त्याला चिकटून राहतो. पहाटेच्या फेरीत जे गमावणार आहात, त्यातले थोडेफार तिथे परत मिळेल.