पीक निघायच्या आधीच हप्ते, मायक्रोफायनान्सचं कर्ज घ्यावं का?

बांधावरचा: जमीन थोडी, तारण काही नाही, बँक दारात उभं करत नाही. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गटाच्या हमीवर बिनतारण मिळणारं छोटं कर्ज मिळतंय पण हप्ता दर आठवड्याला, आणि पैसा तर पीक विकल्यावरच येणार ना, मग मधले महिने भरायचं कशातून?

जुना खातेदार: हाच घोळ आहे. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने (२००६ चं नोबेल मिळालेली) आठवड्याचा हप्ता रुजवला, पण तो दूध, कोंबड्या, शिलाई अशी चालू कमाई असणाऱ्यांना झेपतो. नुसत्या पिकावर असाल तर सुगीनंतर एकदम फेडायचं कर्ज मागा.

हिशोबी: व्याज फ्लॅट आहे का विचारा आधी! वर्षाच्या कर्जाला १२ टक्के फ्लॅट म्हणजे खरं जवळपास २२ पडतं, कारण फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच.

बांधावरचा: फ्लॅटच म्हणाले होते 😐