मदत हवी आहे: पाणी शांत, मन नाही

मंडळी, गेले काही महिने पहाटे एकटीच कयाक घेऊन तलावात जाते. वारा नसतो, पाणी आरशासारखं. वल्हं थांबवलं की पात्यावरून टपटपणारे थेंबसुद्धा मोजता येतात. पण मन? ते घड्याळात, नाहीतर घरी राहिलेल्या कामात. ऊन चढून जमीन तापली की वारा सुटतो, कयाकचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळायला लागतं. गंमत म्हणजे तिला सरळ ठेवायच्या झटापटीतच डोकं शांत होतं! निवांत पाण्यावर तसं का होत नाही?

फोन किनाऱ्यावर ठेवा म्हणू नका, एकटी असताना तो वॉटरप्रूफ पिशवीत लागतोच. श्वास मोजून पाहिले, दहाच्या पुढे गेले नाही. तुम्ही नुसतं तरंगत कसं बसता? नजर कुठे ठेवता?